‘बॅड लक’ कुणाला म्हणावं?

पत्र: माझ्या कामात परदेशातल्या सहकाऱ्यांशी रोज इंग्रजीतून पत्रव्यवहार चालतो. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकाच्या घराला आग लागली. माणसं वाचली, पण घरातलं काही राहिलं नाही. कळल्याबरोबर मी त्याला लिहिलं, ‘सो सॉरी, व्हेरी बॅड लक.’ एरवी चार ओळी लिहिणाऱ्या माणसाचं नुसतं ‘थँक्स’ आलं. काहीतरी चुकलं एवढं कळलं, काय ते कळलं नाही. त्याच आठवड्यात मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जातला निबंध तिच्या शिक्षिकेनं परत दिला. तिच्या वडिलांची नोकरी गेल्यानंतरच्या दोन वर्षांना तिनं ‘ट्रॅजेडी’ म्हटलं होतं. शिक्षिकेनं त्या शब्दाभोवती गोल करून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. शब्दकोश काढून बसले, तर हार्डशिप, अ‍ॅडव्हर्सिटी, मिसफॉर्च्यून, कॅलॅमिटी, डिझास्टर या सगळ्यांपुढे आलटून पालटून ‘संकट, आपत्ती, दुर्दैव’. मग यांतला कोणता शब्द कधी वापरायचा, हे ओळखायचं तरी कसं?

उत्तर:

प्रिय ताई,

आधी सहकाऱ्याचं बघू. निबंध दुरुस्त करायला वेळ आहे, पण ते ‘थँक्स’ तुमच्या मनाला लागून राहिलेलं दिसतंय.

तुम्ही मनापासून लिहिलंत. चूक भावनेत नव्हती, शब्दाच्या वजनात होती, आणि ती का झाली हेही स्पष्ट आहे. मराठीत ‘दुर्दैव’ हा जड शब्द आहे. घरातलं तरुण माणूस गेलं तरी आपण ‘केवढं दुर्दैव’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते टोचत नाही. शब्दकोशात ‘बॅड लक’पुढे हाच शब्द छापलेला असतो, म्हणून दोन्हींचं वजन सारखंच असेल असं वाटतं. तसं ते नाही. ‘लक’ हा इंग्रजीतला हलका शब्द आहे. 15व्या शतकात तो उत्तर जर्मनी आणि हॉलंडकडच्या बोलींतून इंग्रजीत आला, आणि आजही त्याच्याभोवती पत्ते, फासे आणि नाणेफेक घुटमळत असतात. दोन मिनिटांनी गाडी चुकली, मुलाखतीत थोडक्यात दुसरा क्रमांक आला, बाहेर पडायच्या दिवशीच नेमका पाऊस आला, तर ते बॅड लक. ब्रिटनमध्ये हरलेल्या खेळाडूच्या खांद्यावर हात ठेवून ‘हार्ड लक’ किंवा ‘बॅड लक’ म्हणतात तेव्हा त्यात मायाच असते: खेळलास चांगलं, डाव तुझ्या बाजूनं पडला नाही. पण त्यामागे एक गृहीत असतं. उद्या पुन्हा खेळता येईल.

ज्याचं घर जळलं त्याला उद्या पुन्हा खेळायचं नसतं. मुलांची लहानपणची चित्रं गेली, आईनं लिहिलेली पत्रं गेली. अशा वेळी ‘बॅड लक’ वाचलं की आपलं सगळं गेलेलं कुणीतरी फाशाच्या एका दानात मोजलं असं वाटतं. आपणही अशा माणसाला ‘नशीब खराब रे तुझं’ म्हणत नाही. ‘फार वाईट झालं’ म्हणतो आणि गप्प बसतो. (एक बरं झालं, तुम्ही ‘टफ लक’ लिहिलं नाहीत. ऐकायला तो ‘हार्ड लक’चा भाऊ वाटतो, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘भोग आता, मी काय करू’ असाच निघतो.)

‘मिसफॉर्च्यून’ लिहिलं असतं तर? वजन बरोबर आलं असतं. ‘फॉर्च्यून’च्या मागे रोमन लोकांची देवी फोर्टुना आहे, हातातल्या चाकानं माणसाला वर नेणारी आणि खाली आणणारी. आपल्या ‘दैवा’च्या जवळ जाणारा शब्द हाच. एखाद्याच्या आयुष्यात काय काय घडून गेलं हे तिसऱ्याला सांगताना तो छान बसतो. पण ज्याच्यावर वेळ आली त्यालाच उद्देशून ‘युअर मिसफॉर्च्यून’ लिहिलं की आपण जरा लांब उभे राहून त्याच्याकडे बघतोय असं होतं.

खरं सांगायचं तर सांत्वनाच्या पत्रात संकटाला नाव देणारा कुठलाच शब्द नको. डिझास्टर नको, ट्रॅजेडी नको, मिसफॉर्च्यूनही नको. इंग्रजीत जिव्हाळ्यानं लिहिणारी माणसं घडलेल्या गोष्टीचंच नाव घेतात: ‘आय अ‍ॅम सो सॉरी अबाउट युअर हाउस.’ घर गेलं तर घर म्हणायचं, वडील गेले तर वडील म्हणायचे. संकटाचा आकार ठरवणं आपलं काम नाही, ते त्याचं. तो स्वतः म्हणाला की ‘इट्स अ डिझास्टर’, तर मान डोलवायची. आपण होऊन तसं म्हणायचं नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला इथूनच सुरू झालेलं दिसतं. आपण हे शब्द लहानमोठ्या आकारांत लावायला बघतो. मिसहॅप छोटा, कटॅस्ट्रॉफी मोठा, बाकीचे मध्ये. आकाराचा थोडा भाग आहे, नाही असं नाही. पण त्याहून जास्त महत्त्वाचं हे, की यातला जवळजवळ प्रत्येक शब्द घाव कुठून आला ते सांगतो आणि बोलणारा कुठे उभा आहे तेही सांगतो. काही शब्द सोसणाऱ्यानं स्वतःबद्दल वापरायचे असतात, काही फक्त बघणाऱ्यानं. काही घडलेल्या क्षणाचे असतात, काही त्यानंतरच्या लांबलचक दिवसांचे. जागा चुकली की व्याकरण बरोबर असूनही वाक्य अंगावर येतं.

आता तुमच्या मुलीचा निबंध.

शिक्षिकेनं गोल केला तो बरोबर केला. ‘ट्रॅजेडी’ हा ग्रीक रंगभूमीवरून आलेला शब्द. जे परत येणार नाही त्याची सावली त्यावर आहे. मृत्यू, किंवा मृत्यूइतकंच न भरून येणारं काही. वडील आहेत, घर उभं आहे, मुलगी अर्ज भरते आहे. तिथे ‘ट्रॅजेडी’ वाचून परीक्षक पुढच्या ओळीत कुणी गेल्याचं शोधतो आणि ते सापडलं नाही की आधीच्या ओळींवरचाही त्याचा विश्वास उडतो. मुलीनं खोटं काही लिहिलेलं नाही. तिला जे म्हणायचं होतं त्याचा शब्द मात्र ‘हार्डशिप’ आहे.

या शब्दापाशी जरा थांबते, कारण शब्दकोशांनी सगळ्यात जास्त अन्याय याच्यावर केलाय. ‘हार्डशिप’ म्हणजे संकट नव्हे. त्यातल्या ‘शिप’चा जहाजाशी संबंध नाही. ‘फ्रेंडशिप’मध्ये आहे तोच हा प्रत्यय, अवस्था दाखवणारा. कठीण असण्याची अवस्था. संकट येतं आणि टळतं किंवा कोसळतं. हार्डशिप रोज सकाळी उठल्यावर तिथेच असते. मराठीत तिच्या जवळचे शब्द म्हणजे हाल, हालअपेष्टा, ओढगस्त, ओढाताण. आपण ‘दिवस काढले’ म्हणतो ना, ते काढलेले दिवस म्हणजे हार्डशिप. ती अंगाला आणि खिशाला कळते. थंडी वाजते, पैसे पुरत नाहीत, दुरुस्तीला आलेली गोष्ट तशीच वापरावी लागते, फोन वाजला की घेणेकरी असेल म्हणून छाती धडधडते.

हा फरक केवळ साहित्यातला नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी कर्जाचे हप्ते पुढे ढकलून मिळावेत म्हणून परदेशातल्या एका संस्थेकडे अर्ज केला होता. अर्जात एक रकाना होता: तुमची ‘हार्डशिप’ सांगा. बाईंनी ‘संकट’ असा अर्थ घेऊन नवऱ्याच्या अपघाताचं तपशीलवार वर्णन लिहिलं. तारीख, वेळ, कुठे लागलं, किती टाके पडले. अर्ज परत आला, अधिक माहिती हवी म्हणून. त्यांना अपघात नको होता. अपघातानंतर घरात दरमहा किती येतं, किती जातं, काय भागत नाही, हे हवं होतं. मी तो कागद पाहिला तेव्हा सगळ्यात दुःखाची गोष्ट ही वाटली, की ती माहिती बाईंच्या वहीत ओळीनं लिहिलेली होती. औषधं, भाडं, वीज, आणि शेवटच्या ओळीत दर महिन्याला पेन्सिलीनं लिहिलेला उणे आकडा. ती वही म्हणजेच हार्डशिप होती. आम्ही तीच उतरवून पाठवली.

कायद्याच्या इंग्रजीतही या शब्दाला धार आहे. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात काही सवलतींसाठी जवळच्या नातेवाइकाला ‘एक्स्ट्रीम हार्डशिप’ होईल हे दाखवावं लागतं. नुसता विरह, घर हलवायची दगदग, उत्पन्नातली घट, म्हणजे अशा प्रसंगी कुणाच्याही वाट्याला येतं ते, तेवढ्यावर सहसा भागत नाही. तिथल्या निवृत्तिनिधीतून मुदतीआधी पैसे काढण्याच्या एका सोयीचं नावच ‘हार्डशिप विथड्रॉवल’ आहे, आणि त्यासाठी गरज तातडीची आणि मोठी असावी लागते. म्हणजे हार्डशिप ही मोजता येणारी, पुराव्यानं दाखवता येणारी गोष्ट मानलेली आहे. एखाद्या इंग्रजी अर्जात हा शब्द दिसला की रडगाणं गायचं नाही, हिशेब मांडायचा.

मुलीच्या निबंधात नोकरी गेली त्या घटनेसाठी वेगळा शब्द लागेल. तो ‘सेटबॅक’. चालता चालता मागे ढकलले गेलो, थांबलो, पण रस्ता संपला नाही. सेटबॅक म्हटलं की पुढे पुन्हा चालू लागणं ओघानंच येतं, त्यामुळे मृत्यूला किंवा असाध्य आजाराला तो कधी वापरू नये. म्हणजे तिच्या गोष्टीत नोकरी जाणं हा सेटबॅक आणि त्यानंतरची दोन वर्षं ही हार्डशिप.

तिला ‘अ‍ॅडव्हर्सिटी’ वापरायचा मोह होईल, कारण शिष्यवृत्तीच्या सूचनांमध्ये तो शब्द हमखास असतो. तो वापरण्याआधी त्याचं पोट उघडून बघायला सांगा. लॅटिन ‘अ‍ॅडव्हर्सुस’ म्हणजे आपल्यावर तोंड करून उभा असलेला, विरुद्ध दिशेचा. समोरून येणाऱ्या वाऱ्याला इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हर्स विंड’ म्हणतात. मराठीत याला जोड आहे ती ‘प्रतिकूल’ची, आणि ही जोड मला फार आवडते. ‘कूल’ म्हणजे काठ. काठाच्या कलानं जाणारं ते अनुकूल, काठाच्या उलट ते प्रतिकूल. एका भाषेनं वाऱ्याकडे पाहिलं, दुसरीनं नदीकडे, पण दोन्हींत कुणीतरी निघालेलं आहे आणि त्याला पुढे जायचंय. वाटचाल करणारा माणूस नसेल तर अ‍ॅडव्हर्सिटी नाही. म्हणून या शब्दाबरोबर ‘ओव्हरकम’, ‘इन द फेस ऑफ’ अशी तोंड देणारी, मात करणारी मंडळी येतात. तिनं त्या दोन वर्षांत काय केलं, कशाला तोंड दिलं, हे सांगायचं असेल तर शब्द चपखल आहे. पण ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याबद्दल तो वापरू नये. उपाशी तान्ह्या मुलाला अ‍ॅडव्हर्सिटीशी झुंजणारा म्हणणं क्रूरपणाचं आहे. शिवाय हा लिहिण्यातला शब्द आहे. गप्पांमध्ये ‘मी सध्या अ‍ॅडव्हर्सिटीत आहे’ असं कुणी म्हणत नाही.

मोठ्या संकटांच्या तीन शब्दांबद्दल तुम्ही विचारलं नसतंत तरी मी लिहिलंच असतं. ‘डिझास्टर’ फोडला की आत तारा निघतो. इटालियनमधल्या ‘आस्त्रो’पासून, वाईट ताऱ्याखाली घडलेलं ते. ‘ग्रह फिरले’ हे आपण जसं म्हणतो, अगदी तसं. आज मात्र आपत्ती व्यवस्थापनात काम करणारे लोक या शब्दातून तारे काढून टाकायला बघतात, आणि त्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. ते ‘हॅझर्ड’ आणि ‘डिझास्टर’ वेगळे मानतात. भूकंप हा हॅझर्ड. निर्मनुष्य वाळवंटात तो झाला तर डिझास्टर नाही. कच्च्या बांधणीच्या, दाटीनं वसलेल्या वस्तीत झाला आणि त्या समाजाला आपल्या बळावर सावरता येईना, तर डिझास्टर. त्यामुळे ‘नॅचरल डिझास्टर’ हा शब्दप्रयोग त्यांतल्या अनेकांना खटकतो: धक्का निसर्गाचा, पण कच्ची भिंत माणसाची. दुसरीकडे हाच शब्द घरगुती बोलण्यात इतका खाली उतरलाय की केक फुगला नाही तरी ‘डिझास्टर’. म्हणून खऱ्या आपत्तीबद्दल लिहिताना तो एकटा सोडू नये, आजूबाजूला तपशील हवेत.

‘कटॅस्ट्रॉफी’ ग्रीक नाटकातली. सगळं उलटं करून टाकणारं शेवटचं वळण. त्यात मागे फिरायची सोय नाही. ‘कॅलॅमिटी’ किती पडलं-मोडलं यापेक्षा किती जणांच्या घरात रडं आहे इकडे बघते. जरा जुन्या वळणाची, पण शोक सांगायला अजून चांगली.

आता छोटा ‘मिसहॅप’. त्यातलं ‘हॅप’ जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतलं, अर्थ नशीब. इंग्रजीतल्या किती ओळखीच्या शब्दांच्या पोटात ते लपलंय बघा: ‘हॅपन’ म्हणजे नशिबानं घडणं, ‘परहॅप्स’ म्हणजे कदाचित, आणि ‘हॅपी’ म्हणजे मुळात नशीबवान. आनंदी हा अर्थ नंतरचा. मिसहॅप म्हणजे बारीकशी फजिती. कागदांवर चहा सांडला, चुकीच्या दारात सामान उतरवलं. मोठं नुकसान झालेल्या माणसासमोर हा शब्द उच्चारू नका. पण अमेरिकी सैन्यदलांच्या अहवालात ‘क्लास ए मिसहॅप’ वाचलंत तर हलकं समजू नका. तो तिथला सर्वांत गंभीर वर्ग आहे आणि त्यात मृत्यूसुद्धा येतात. ‘हॅपलेस’बद्दलही जपून. वरवर ‘बिचारा’, पण त्यात ‘याला काही जमत नाही’ अशी कीव मिसळलेली असते.

‘मिसअ‍ॅडव्हेंचर’ तुम्हाला बहुधा इंग्लंडच्या बातम्यांत भेटेल. अनपेक्षित मृत्यूची चौकशी करणारा तिथला अधिकारी जे निष्कर्ष देतो त्यांत तो आहे: माणसानं जाणूनबुजून काही कायदेशीर कृती केली आणि ती अकल्पितपणे जिवावर बेतली. रोजच्या लिहिण्यात त्याची गरज पडणार नाही.

सोसण्याच्या शब्दांमध्ये मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘ऑर्डील’, कारण त्याचा मराठी शब्द शोधावा लागत नाही, तो आपल्याकडे पूर्वीपासून आहे: दिव्य. ऑर्डील म्हणजे जुन्या इंग्रजीत न्यायनिवाडा. आरोपीला तापलेलं लोखंड हातात धरून ठरलेली पावलं चालायला लावत, मग हात बांधत आणि तीन दिवसांनी सोडून बघत, जखम भरतेय की चिघळतेय. भरली तर निर्दोष. 1215 साली रोममधल्या चौथ्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे ख्रिस्ती धर्मसभेनं, धर्मगुरूंना या प्रकारात भाग घ्यायला बंदी केली आणि ही पद्धत मोडीत निघाली. प्रथा गेली, शब्द राहिला, आणि त्यात ते तीन दिवसही राहिले. ऑर्डीलला सुरुवात असते, शेवट असतो, मधला काळ श्वास रोखून काढावा लागतो, आणि त्यातून गेलेला माणूस बाहेर येऊन ते सांगतो. लांबलेली शस्त्रक्रिया, बंद पडलेल्या लिफ्टमधली रात्र, कोर्टातली उलटतपासणी. ‘दिव्यातून गेलो’ असं जिथे म्हणाल तिथे ऑर्डील चालेल. आयुष्यभराच्या गरिबीला चालणार नाही, कारण तिच्यात चौथा दिवस उजाडत नाही.

‘ट्रायल्स अँड ट्रिब्युलेशन्स’ ही जोडी तुम्ही ऐकली असेल. त्यातल्या ट्रिब्युलेशनच्या मागे ‘ट्रिब्युलम’ नावाचं रोमन शेतीतलं अवजार आहे. खाली गारगोट्या किंवा लोखंडी दात बसवलेली जड फळी, मळणीसाठी कणसांवरून ओढायची. आपण ‘भरडून निघालो’ म्हणतो, ते आणि हे एकाच चित्रातले.

‘प्लाइट’ आणि ‘डिस्ट्रेस’ यांत लोक फार गल्लत करतात. प्लाइट हा बघणाऱ्याचा शब्द आहे. निर्वासितांची प्लाइट, खाणकामगारांची प्लाइट, म्हणजे त्यांची दैना, परवड. बातमीदार लिहितो, कार्यकर्ता लिहितो. स्वतःबद्दल ‘माय प्लाइट’ लिहिलं की माणूस स्वतःच्या दुःखाकडे बाहेरून बघून इतरांनाही बघायला बोलावतोय असं वाटतं. मुलीच्या निबंधात तो नकोच. डिस्ट्रेस आतला आहे, आणि ‘आत्ता’चा आहे. संकटातल्या जहाजानं पाठवायचा बिनतारी संदेश म्हणून 1906 साली बर्लिनच्या परिषदेत ‘एस-ओ-एस’ ठरला, तो डिस्ट्रेस सिग्नल. कुणी कळवलं की ‘शी इज इन डिस्ट्रेस’, तर सहानुभूतीचं पत्र लिहीत बसू नका, फोन करा. आणि ‘प्रेडिकमेंट’ म्हणजे पेच, इकडे आड तिकडे विहीर. त्यात दुःखापेक्षा अडकणं जास्त.

एक शब्द मात्र मी तुम्हाला कळकळीनं टाळायला सांगणार आहे: ‘अनफॉर्च्युनेट’. स्वतःच्या बारीक गैरसोयीबद्दल वापरलात तर हरकत नाही. पण कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे घडलेल्या गोष्टीला ‘अ‍ॅन अनफॉर्च्युनेट इन्सिडेंट’ म्हटलं की दोष माणसावरून उचलून दैवावर ठेवला जातो. बरीच वर्षं झाली, एका संस्थेचं निवेदन माझ्याकडे अनुवादाला आलं होतं. जिन्याचा कठडा सुटून एक कामगार खाली पडला होता आणि कायमचा अधू झाला होता. कठडा हलतोय हे त्यानं आधी दोनदा लेखी कळवलं होतं, ते कागद त्याच गठ्ठ्यात होते. निवेदनात शब्द होता ‘अनफॉर्च्युनेट’. मी ‘दुर्दैवी घटना’ असा अनुवाद केला आणि देऊन टाकला. भाषेच्या दृष्टीनं अनुवाद बिनचूक होता. पण त्या कामगाराच्या अक्षरातला ‘कठडा हलतो आहे’ हा कागद मला अजून दिसतो, आणि तेव्हा पाठवणाऱ्याला एका ओळीनं तरी विचारायला हवं होतं की यात दैवाचा काय संबंध, असं वाटत राहतं.

‘अ‍ॅक्सिडेंट’चंही असंच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अंगावर येऊन पडलेलं, म्हणजे ज्यात आपला हात नाही असं. पण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं कुणाला उडवलं तर त्यात काय आपोआप पडलं? ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं 2001 साली आपल्या पानांतून ‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्दच हद्दपार करायचं ठरवलं, कारण बहुतेक इजा आधी ओळखता आणि टाळता येतात. रस्त्यावरच्या घटनांना आता बरेच जण ‘क्रॅश’ म्हणतात. काय झालं ते सांगतो, कुणाला सोडून देत नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या घरची आग कशानं लागली मला माहीत नाही. तुम्हालाही बहुधा नसेल. कुणाच्या सदोष कामामुळे लागली असेल आणि वर सहकाऱ्याला तुमचं ‘बॅड लक’ मिळालं असेल, तर ते एक शब्दाचं उत्तर का आलं हे आणखीच समजतं.

त्याला पुन्हा लिहा. महिना झाला म्हणून उशीर झालेला नाही. आगीनंतर पहिल्या आठवड्यात सगळेच लिहितात आणि मग पत्रं थांबतात, तेव्हा आलेलं पत्र उलट जास्त लक्षात राहतं. आधीच्या शब्दाचा खुलासा करत बसू नका. साधं लिहा: ‘आय कीप थिंकिंग अबाउट युअर हाउस. व्हेअर आर यू ऑल स्टेइंग नाउ?’ आणि तुमच्या हातात असलेली एखादी नेमकी गोष्ट पुढे करा. त्याच्या कामाचा अमुक अहवाल तुम्ही या महिन्यात करून द्याल, असं काही. ‘काही लागलं तर सांगा’ असं मोघम नको, ते सांगण्याचंही ओझं त्याच्यावरच पडतं.

मुलीला ‘ट्रॅजेडी’ खोडून नुसतं ‘हार्डशिप’ लिहू देऊ नका, कारण तेवढ्यानं वाक्य बरोबर होईल पण ओळखीचं होणार नाही. शब्द एकदाच येऊ दे आणि त्यामागे त्या दोन वर्षांतली एखादी खरी गोष्ट येऊ दे. काय बंद झालं, कुणी कोणतं काम अंगावर घेतलं, रात्री कोण जागं असायचं. निबंध शिक्षिकेकडे जाण्याआधी तिला तो परिच्छेद वडिलांना वाचून दाखवायला सांगा. ते दिवस त्यांनीही काढलेत. कुठे जास्त झालंय आणि कुठे कमी पडलंय, ते ऐकताना त्यांना पहिल्यांदा कळेल.